कागद दाखवा

विनिफ्रेड टटलने पेल्टन कोव्हच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला, आणि एकतीस वर्षं दर ऑक्टोबरात आठवीच्या मुलांना एकच निबंध घातला: असाएल थ्रूप आणि गिडियन विकवायर, दोघांच्या आयुष्याची आणि हेतूंची तुलना करा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातले कनेक्टिकट राज्याचे म्हणून एक नेथन हेल आणि एक बेनेडिक्ट अर्नोल्ड होते, एक देशासाठी फासावर गेलेला आणि एक इंग्रजांना फितूर झालेला. पण पेल्टन कोव्हला ते दोघे लांबचे वाटत. गावाचे आपले हे दोन.

गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. १७७९च्या उन्हाळ्यात इंग्रजांच्या होड्या खाडीत शिरल्या, त्या गिरणीच्या वरच्या खिडकीत कुणीतरी कंदील धरला म्हणून. दारूगोळ्याचं कोठार जळालं, अकरा नावा जळाल्या, चार माणसं मेली. पहाऱ्यावरच्या कॅप्टन थ्रूपने चर्चची घंटा बडवून बायकापोरांना टेकडीवर नेलं, म्हणून बाकीचे वाचले. कंदील गिरणीत दिसला, म्हणजे गिरणीवाला विकवायर फितूर. लोकांनी त्याची गिरणी पेटवली आणि त्याला हाकलून दिलं. तो तिकडे इंग्रजांच्या मुलखात, नोव्हा स्कोशियात कुठेतरी मेला. थ्रूपचा पुतळा ग्रंथालयासमोर उभा राहिला. विकवायरचा मुलगा म्हातारपणी गावात परतला, त्याच्या वंशजांना गाव अजूनही 'कंदीलवाले' म्हणत असे.

विनिफ्रेडने थ्रूपवर एक छोटं पुस्तकही लिहिलं होतं. त्यातलं तिचं सगळ्यात आवडतं प्रकरण थ्रूपच्या धाकट्या भावाचं, रूबेनचं. तो न्यूयॉर्कजवळच्या कैद्यांच्या जहाजावर सडत होता. जिथून माणसं बहुधा गोणपाटात शिवूनच बाहेर पडत, तिथून तो त्याच वर्षी पानगळीत चालत घरी आला. 'देवाने थ्रूपच्या पदरात त्याच्या पुण्याचं माप टाकलं,' असं तिने लिहिलं होतं. वर्गात हे वाक्य वाचताना तिचा आवाज दरवेळी जरा कापत असे.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर गावच्या इतिहास मंडळाचं काम तिने अंगावर घेतलं. मंडळाची चिटणीस लुएला एव्हरिल, तिची चाळीस वर्षांची मैत्रीण. दोघींची घरं समोरासमोर. विनिफ्रेडचा नवरा हॅरल्ड एका हिवाळ्यात बोस्टनला कामाला म्हणून गेला आणि तिकडून फक्त वकिलाची पत्रं आली, तेव्हा लुएलाने तिला सहा आठवडे आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. तिच्यासाठी शिंपल्यांचं सूप करून ती पलंगापाशी बसून राही, जेव म्हणून एका शब्दानेही म्हणत नसे. अशी माणसं सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची होतात.

यंदा मार्चमध्ये लुएला बर्फावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. त्या हल्ल्याच्या उन्हाळ्यातल्या स्मृतिदिनाची तयारी विनिफ्रेडकडे आली. मंडळाच्या इमारतीच्या छपरासाठी थ्रूप घराण्याने पूर्वी केलेल्या मदतीचा उल्लेख भाषणात करायचा होता, म्हणून एके सकाळी तिने मंडळाच्या कपाटातली 'छप्पर, पत्रव्यवहार' अशी लुएलाच्या अक्षरातली फाइल काढली. तिच्यात सगळ्यात खाली, पातळ कागदात गुंडाळलेला एका पत्राचा जुना मसुदा होता. अक्षर पाहिल्याबरोबर तिने चष्मा पुसला. थ्रूपचं ते अक्षर ती स्वतःच्या अक्षराइतकं ओळखत होती.

'मी शब्द पाळला, आता तुम्ही पाळा,' असं थ्रूपने न्यूयॉर्कच्या कुणा इंग्रज अधिकाऱ्याला लिहिलं होतं. 'गिरणीच्या खिडकीतून उजेड दाखवला तो मीच. माझा भाऊ रूबेन तुमच्या जहाजावर रोज थोडा थोडा मरतो आहे. येथे लोकांचा संशय गिरणीवाल्यावर आहे. मी त्यांना अडवलेलं नाही. त्याच्या बाजूने बोलणारं गावात कोणी नाही.'

विनिफ्रेड खुर्चीत बसली. इतकी वर्षं जिच्यावर भार टाकला ती फळी पायाखालून सरकली होती. पण तिला खरा घाव अजून बसायचा होता. मसुद्याला टाचणीने एक चिठ्ठी जोडलेली होती. तिच्यावर लुएलाने मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला होता, आणि खाली तिच्या सवयीप्रमाणे तारीख घातली होती: नोव्हेंबर १९९४.

१९९६ सालच्या वर्गातला डेल विकवायर तिला आठवला. तेरा वर्षांचा, मान खाली घालून बसणारा. त्याने निबंधात लिहिलं होतं, की आमचे आजोबा सांगतात त्या आठवड्यात गिरणी बंद होती, दाराला बाहेरून फळ्या ठोकलेल्या होत्या, मग आमचा पूर्वज आत कसा जाईल? विनिफ्रेडने तो निबंध वर्गात मोठ्याने वाचून दाखवला होता, घरगुती आख्यायिका आणि पुरावा यांतला फरक मुलांना कळावा म्हणून. पोरं हसली होती. दुसऱ्या दिवशी त्याचे आजोबा, ऑरिन विकवायर, शाळेत आले. हातात टोपी घेऊन उभे राहिले. ती त्यांच्याशी अत्यंत सभ्यपणे बोलली.

"मिस्टर विकवायर, माझं तुमच्याशी वैर नाही," ती म्हणाली होती. "कागद दाखवा. मी उद्याच वर्गात माझी चूक कबूल करीन."

म्हातारा टोपी घालून निघून गेला होता. आणि तरीही, मनात खोट नको म्हणून, त्या संध्याकाळी तिने लुएलाला विचारलं होतं, मंडळाच्या कपाटात गिरणीबद्दल काही आहे का. लुएला पाव कापत होती. सुरी न थांबवता ती म्हणाली होती, काही नाही गं.

विनिफ्रेड मसुदा घेऊन तडक लुएलाच्या घरी गेली. लुएला खिडकीपाशी पाय उंच करून बसली होती. विनिफ्रेडने कागद तिच्या मांडीवर ठेवला. लुएलाने तो वाचला नाही, वाचायची गरजच नव्हती.

"फाडून का नाही टाकलास?" विनिफ्रेडने विचारलं.

"कागद फाडणाऱ्यातली मी नाही, विनी."

"नाही. तू माणसं फाडणाऱ्यातली आहेस."

मग लुएलाने सांगितलं. थ्रूपांनी त्या साली घरातली जुनी पेटी मंडळाला दिली, पेटीत काय आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्याच महिन्यात त्यांनी नव्या छपराचा खर्च उचलला होता. आणि त्याच महिन्यात विनिफ्रेडचं पुस्तक छापून आलं होतं, हॅरल्ड गेल्यानंतर पहिल्यांदाच ती हसताना दिसली होती. हा कागद तिच्या हातात द्यायचा म्हणजे नुकत्याच उभ्या राहिलेल्या माणसाला धक्का द्यायचा. लुएलाने ठरवलं, वर्षभर थांबू. वर्ष गेल्यावर सांगणं आणखी अवघड झालं, आणि वर्षागणिक होतच गेलं.

"छप्पर की मी?" विनिफ्रेड म्हणाली. "खरं कारण कोणतं?"

"दोन्ही." लुएलाने तिच्याकडे पाहिलं. "आधी छप्पर."

निदान हे तरी ती खरं बोलली. पण त्या खरेपणाने विनिफ्रेडच्या अंगाची उलट लाही झाली. तिच्या डोळ्यांपुढे दर वर्षीचा स्मृतिदिन उभा राहिला. ती व्यासपीठावर थ्रूपच्या निःस्वार्थपणाबद्दल भरभरून बोलते आहे, आणि पहिल्या रांगेत लुएला, मांडीवर पर्स, सगळं माहीत असून मन लावून ऐकते आहे, शेवटी टाळ्या वाजवते आहे. सत्तावीस वेळा. हॅरल्ड निदान दार ओढून निघून तरी गेला होता. ही रोज समोरच्या घरात राहून तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधत होती.

"त्या पोराच्या वेळी मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "तू पाव कापत होतीस."

"आठवतंय मला."

"मला जपायला म्हणून तू एका तेरा वर्षांच्या पोराला माझ्या हातून मारलंस, लुएला."

विनिफ्रेडने कागद उचलला आणि ती बाहेर पडली.

डेल विकवायर आता चाळिशीला आला होता. खाडीच्या टोकाला त्याचा नावा दुरुस्त करायचा कारखाना होता. विनिफ्रेड तिथे दुसऱ्या दिवशी गेली तेव्हा तो एका उलट्या ठेवलेल्या नावेच्या फटी बुजवत होता. "मिसेस टटल, तुम्ही इकडे?" म्हणत त्याने हात पुसले आणि तिच्यासाठी लाकडी पेटी पुढे सरकवली. ती बसली नाही. तिने मसुद्याची छायाप्रत आणि लुएलाने उतरवलेला मजकूर त्याच्यापुढे धरला. सगळा वेळ ती उभीच राहिली, वर्गात उत्तर न आलेल्या मुलासारखी.

त्याने दोनदा वाचलं. तिला वाटलं होतं तो संतापेल, किंवा कदाचित त्याचे डोळे भरून येतील. त्याने फक्त चिठ्ठीखालच्या तारखेवर बोट ठेवलं.

"चौऱ्याण्णव," तो म्हणाला. "आजोबा दोन हजार एकमध्ये गेले."

"हो."

"शेवटची दोन वर्षं ते हार्टफर्डच्या ग्रंथालयात जात होते. बसने, दर मंगळवारी. तुम्ही कागद मागितला होतात ना. कागद शोधायला."

विनिफ्रेडला हे माहीत नव्हतं. इथून हार्टफर्डला जायला दोन बस बदलाव्या लागत. आणि कागद म्हाताऱ्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, छपराच्या फाइलीत पडून होता. तिने सांगितलं की आपल्यालाही फसवण्यात आलं. बोलता बोलताच तिला ते वाक्य किती हलकं आहे ते कळलं.

"तुम्हाला फसवलं, ते खरंय," डेल सावकाश म्हणाला. "पण तो निबंध वाचताना तुम्ही हसत होतात. ते कुणी तुमच्याकडून करवून घेतलं नव्हतं."

त्याने कागद व्यवस्थित घडी करून खिशात ठेवला, तिचे आभार मानले, आणि पुन्हा नावेकडे वळला.

मंडळाच्या बैठकीत बहुतेकांचं म्हणणं पडलं की स्मृतिदिन पार पडू द्या, मग सावकाश बघू, तज्ज्ञांना दाखवू, एवढी घाई कशाला. विनिफ्रेडने सगळ्यांचं ऐकून घेतलं. स्मृतिदिनाला ती व्यासपीठावर चढली, थ्रूपचा मसुदा काढला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग तिने १९९६च्या वर्गात स्वतः काय केलं तेही सांगितलं, डेलचं आणि ऑरिनचं नाव घेऊन. मैदानात बसलेली थ्रूप घराण्यातली सात माणसं उठून गाड्यांकडे चालू लागली. कुणीतरी मागून विचारलं, हा कागद इतकी वर्षं होता कुठे?

विनिफ्रेडने तोंड उघडायच्या आत पहिल्या रांगेतून काठी टेकत लुएला उठली. "माझ्याकडे," ती म्हणाली. "मी दडवला होता. विनिफ्रेडला ठाऊक नव्हतं." आणि ती खाली बसली.

विनिफ्रेडला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. हेच शब्द लुएलाने त्या संध्याकाळी पाव कापताना उच्चारले असते तर एक म्हातारा दर मंगळवारी बसमध्ये बसला नसता. डेल मैदानात आलाच नव्हता. तो त्या दिवशी नाव घेऊन खाडीबाहेर गेला होता, असं नंतर कळलं.

लुएलाने चिटणीसपद सोडलं. ग्रंथालयासमोरच्या पुतळ्याचं काय करायचं यावर गाव अजून भांडतं आहे. विनिफ्रेडने आपलं पुस्तक नव्याने लिहायला घेतलं. थ्रूपबद्दल लिहिताना तिला आश्चर्य वाटलं की तिची लेखणी अडत नाही. भाऊ जहाजावर मरत असताना माणूस काय काय करील, हे तिला समजत होतं. त्याने चार माणसांचा बळी घेतला आणि पाचव्याचं नाव काळं केलं, हेही तिने जसंच्या तसं लिहिलं. अडली ती गिरणीवाल्यापाशी. त्याचं एकही पत्र नव्हतं, एकही शब्द नव्हता. ज्या माणसाचे हेतू तिने एकतीस वर्षं मुलांकडून लिहवून घेतले, त्याच्याबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं. ते पान तिने तसंच लिहिलं: माहीत नाही.

नोव्हेंबरात लुएलाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, थ्रूपवर इतकं समजुतीने लिहिते आहेस असं ऐकलं, मग माझ्यासाठी काही जागा आहे का?

विनिफ्रेडने खिडकीतून समोर पाहिलं. लुएला तिच्या खिडकीत, फोन कानाला लावून, तिच्याकडेच बघत होती.

"थ्रूपने मला कधी जेवू घातलं नव्हतं, लुएला," ती म्हणाली. "त्याला माफ करणं सोपं आहे."

पलीकडे लुएलाने फोन ठेवला नाही. विनिफ्रेडनेही फोन ठेवला नाही. दोघी आपापल्या खिडकीत तशाच उभ्या राहिल्या, कुणी आधी ठेवायचा ते न ठरवता.