देव्हाऱ्यातला हलवाई

मित्रांनो, माझ्या पहिल्या पानावरचा पिवळा-तांबडा डाग पाहून नाक मुरडू नका. तो शाईचा नाही, हळदीकुंकवाचा आहे. मी गोष्टींचे एक जुने पुस्तक आहे. माझ्या पोटात एक हत्ती आहे, दोन माकडे आहेत, एक भांडखोर चिमणी आहे आणि लबाड कोल्हे तर हवे तितके आहेत. देवाधर्माचे मात्र माझ्यात एक अक्षरही नाही. तरी जवळजवळ वर्षभर मी देवांच्या मांडीला मांडी लावून बसलो आणि गुपचूप नैवेद्य घेतला. ती हकिकत सांगायची म्हटले की आजही माझी पाने अंग चोरून घेतात.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. शिशाचे एकेक अक्षर वेचून लोकांनी माझ्या ओळी जुळवल्या. मला लाल कापडाची बांधणी मिळाली आणि वर सोनेरी अक्षरे. कव्हर उलटले की पहिलेच चित्र गजाभाऊ हलवायाचे. हा हत्ती डोक्याला फेटा बांधून गादीवर बसला आहे, पुढ्यात लाडवांचे ताट आहे आणि सोंडेत एक लाडू आहे. बांधणी करणाऱ्या म्हाताऱ्याने मला हातावेगळे करताना थोपटले आणि म्हणाला, "जा बाबा, पोरांच्या हातात फाटून जा." पुस्तकाला याहून मोठा आशीर्वाद नसतो.

पिंपरीला तेव्हा औषधांचा मोठा कारखाना नुकताच उभा राहिला होता. तिथल्या एका साहेबांची बायको, सुमनताई, यांनी मला आपल्या मुलांसाठी विकत घेतले. मुलांनी मला यथेच्छ वाचले, पण ती मोठी होऊन इंग्रजी शाळेत गेली आणि मी फळीवर धूळ खात पडलो. कारखान्याच्या वसाहतीत बागकामाला दत्तोबा नावाचा एक गडी होता. निघोजे गावचा शेतकरी, अंगाने दणकट, बोलायला मऊ. त्याला लहान मुलगी आहे हे कळल्यावर ताईंनी मला पुसून त्याच्या हातात दिले.

"दत्तोबा, इंदूला यातल्या गोष्टी वाचून दाखवा बरं का. पोरांना फार आवडतात."

दत्तोबाने मान डोलावली. मित्रांनो, त्याला वाचता येत नव्हते. ते त्याने त्याच क्षणी सांगितले असते, तर पुढचे रामायण घडलेच नसते. पण ताई इतक्या सहज बोलून गेल्या होत्या की त्यांना तसे सांगायची त्याला लाज वाटली. शिवाय त्याच्या अंगावर कारखान्याची खाकी विजार होती. गावात सगळे म्हणत, दत्तू साहेबलोकांत उठतो-बसतो. असा माणूस अक्षरशत्रू कसा असेल? इंदूला तर वाटे की आपल्या आबांना जगातले सारे काही येते.

सुट्टीच्या दिवशी तो मला सायकलीच्या हँडलला पिशवीत अडकवून मोशीवरून निघोज्याला घेऊन आला. वाटभर मी खुशीत होतो. आता नवे घर, नवी पोर! दत्तोबा मात्र मुद्दाम हळू पायडल मारत होता. पोर "वाचा" म्हणाली तर काय करायचे, हाच घोर त्याला लागला असावा.

त्याची सुटका केली त्याच्या आईने. गवराबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिने मला पिशवीतून ओढले आणि कव्हर उलटले. समोर हत्तीचे तोंड, सोंड, लाडवांचे ताट! तिने लगेच दोन्ही हात जोडले.

"अगं बया! गणपती! दत्तू, पोथी आणलीस व्हय रं?"

तिचा तरी काय दोष? लाल बासनातली पोथी तिने जन्मभर पाहिलेली. पोथीच्या आरंभी गजानन असतो हेही तिला ठाऊक. मी दिसायलाही लाल. दत्तोबा मान खाली घालून म्हणाला, "त्या ताईंनी दिलं."

एवढेच. खोटे बोलला नाही, पण खरेही बोलला नाही.

पहिल्या पानावर हळदकुंकू वाहून गवराबाईने माझी रवानगी देव्हाऱ्यात केली. खंडोबाच्या टाकाशेजारी मला लाल फडक्यात गुंडाळून ठेवले. दसऱ्याला झेंडूची माळ चढली. गवराबाई रोज न्हाऊन माझ्यावर हळदकुंकू वाही आणि पुढे गुळाचा खडा ठेवी. मला किती लाज वाटे म्हणून सांगू! बाहेर ती बाई डोळे मिटून "घरादाराला सुखी ठेव" म्हणायची आणि आत माझी माकडे एकमेकांच्या शेपट्या ओढत असायची. गुळाने मुंग्या आल्या. तेलाचा ओघळ कोल्ह्याच्या गोष्टीवर उतरला. ज्यांच्यासाठी मी जन्मलो, त्यांचे बोटही मला लागेना.

इंदू सारखी देव्हाऱ्यापाशी घोटाळे. "आजी, मला हत्ती बघू दे की."

"आंघूळ केलीस का? लांबनंच नमस्कार कर. पोथी श्रावणातच उघडायची असती."

पोर लांबूनच हात जोडी आणि मान वाकडी करून फडक्याच्या फटीतून आत बघायचा प्रयत्न करी. दत्तोबा हे सारे दारात उभा राहून पाहायचा. पुढे येऊन एक शब्द बोलायचा अवकाश होता. तो चपला पायात सरकवायचा आणि बाहेर जायचा.

पण लपवलेली गोष्ट माणसाला सुखाने जगू देत नाही. सुमनताई त्याला दर वेळी विचारायच्या, गोष्ट वाचलीत का, इंदूला कोणती आवडली. हे मला कसे कळले? दत्तोबा घरी आला की एकटाच देव्हाऱ्यासमोर उभा राही. लोकांना वाटे, गडी भक्तीला लागला. तो माझ्याशी पुटपुटे, "आजबी इचारलं त्यांनी. हत्तीचं शेवटाला काय झालं, पोर हसली का, म्हनल्या. म्या म्हनलं, लई हसली." एकदा घरात कुणी नसताना त्याने फडके सोडून मला उघडले. चित्रे पाहिली. ओळींवरून त्याची मातीने फाटलेली बोटे फिरली आणि पुन्हा मागे आली. मुंग्यांची रांग पाहावी तसा तो माझ्या अक्षरांकडे पाहत होता. मग त्याने मला घाईने बांधून टाकले. त्या दिवशी मी माझी लाज थोडी विसरलो, कारण त्याची कितीतरी मोठी होती.

श्रावण आला. गवराबाईने आळीभर सांगितले, "सोमवारी आमच्याकडं पोथी लावायची हाय. समद्यांनी या." गावात पोथी वाचणारा एकच, ज्योतीराम. शेती करणारा माणूस, पण आवाज खणखणीत. आमच्या घरी कधी पोथी लागली नव्हती, त्यामुळे गवराबाईचे पाय जमिनीवर नव्हते. अंगण सारवले, पाट मांडला, समई लावली, शिरा केला. दत्तोबाही सुट्टीवर होता. तो भिंतीला टेकून बसला होता आणि त्याला श्रावणातही घाम फुटला होता.

दिवेलागणीला ज्योतीराम पाय धुऊन बसला. मला हळदकुंकू वाहिले. फडके सोडले. पहिले पान उलटले. त्याच्या भुवया वर गेल्या. दुसरे उलटले, तिसरे उलटले. माणसे हात जोडून बसली होती.

"बुवा, लावा की," गवराबाई म्हणाली.

ज्योतीरामने घसा खाकरला. "गवराबाई, ही पोथी न्हाई. पोरांच्या गोष्टींचं पुस्तक हाय. आन् ह्यो गणपती न्हवं. ह्यो हलवाई हाय."

मग बायकांत कुणीतरी फिसकन हसले आणि शेजारची सुभद्राबाई मोठ्याने म्हणाली, "अगं आई गं! म्हंजी वर्सभर हलवायाला निवद दावला व्हय गं, गवरे!"

सारे अंगण हसले. गवराबाईच्या मुठीत अक्षता तशाच राहिल्या. ही बाई साऱ्या आळीला सोवळेओवळे शिकवणारी, तिच्या तोंडाला तोंड द्यायची कुणाची छाती नव्हती. तिने पदर ओढून घेतला. तो नीटच होता, तरी ती पुन्हा पुन्हा ओढत राहिली. मला वाटले, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावे.

ती मुलाकडे वळली. "दत्तू, त्या बाईनं तुला काय म्हनून दिलं व्हतं रं?"

सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे गेल्या. इंदूचीही. "काय बी बोलल्या न्हाईत" एवढे म्हटले असते तरी तो सुटला असता. आईचे हसे झालेच होते, ते आणखी थोडे झाले असते. दत्तोबा भिंतीपासून पुढे सरकला.

"पोरीला गोष्टी वाचून दावा, म्हनल्या व्हत्या, आये."

"मंग बोलला का न्हाईस?"

"मला वाचाया येत न्हाई. ताईंम्होरं म्या नुसती मान हालवली. घरी पोर म्हनली असती, आबा वाचा, तर तिला काय तोंड दावणार व्हतो? तू देव्हाऱ्यात ठिवलंस, मला बरंच झालं. माझी लाज झाकाया म्या तुझं हसं हू दिलं."

आता कुणी हसले नाही. गवराबाई उठली आणि आत जायला निघाली. तेवढ्यात ज्योतीराम म्हणाला, "बसा, गवराबाई. दिवा लावून पाटावर मांडलेलं पुस्तक न वाचता उठवायचं न्हाई. पोरांनो, म्होरं या."

आणि मित्रांनो, त्या माणसाने पोथीच्याच ठेक्यात गजाभाऊंची गोष्ट लावली! गजाभाऊंनी जंगलात मिठाईचे दुकान काढले, पण लाडू रोज कमी होऊ लागले. खारीवर आळ आला, माकडांवर आला. शेवटी घुबडाने पाळत ठेवली आणि चोर सापडला. लाडू चांगला झालाय का, याची चव पाहता पाहता गजाभाऊ स्वतःच सारे ताट रिकामे करत होते. "मी फक्त चव बघत होतो," हे वाक्य ज्योतीरामने असे काही म्हटले की पोरे लोळायला लागली. सुभद्राबाईने डोळे पुसले. इंदू हसून हसून खोकायला लागली. फक्त दत्तोबा हसला नाही. गवराबाई आतल्या दाराच्या चौकटीला टेकून, तोंड फिरवून ऐकत होती.

नंतर कितीतरी दिवस ती पाणवठ्यावर गेली नाही. मुलाशी कामापुरतेच बोले. एके सकाळी तिने मला देव्हाऱ्यातून खाली काढले, फडके सोडून घडी केली आणि मला इंदूच्या परकराच्या ओच्यात टाकले. "घे बाई, तुझं हाय. म्या उगं धरून ठिवलं." माझी लाज तिथे संपली, तिची कधी संपली ते मला सांगता येत नाही.

दत्तोबाने पिंपरीला जाऊन सुमनताईंना सारे सांगून टाकले. तो घरी येऊन इंदूच्या आईला म्हणाला, "त्यांचंच तोंड उतरलं गं. म्हनल्या, मी सारखं इचारायलाच नको व्हतं." त्याच ताईंनी त्याला वसाहतीतल्या प्रौढांच्या साक्षरता वर्गात बसवले. दिवसभर कुदळ मारलेल्या हातात पाटीवरची पेन्सिल मोडायची. तरण्या पोरांमध्ये मिशाळ गडी 'क' गिरवताना लाजेने घामाघूम व्हायचा. चार दिवस जायचा, आठ दिवस दांडी मारायचा.

इकडे इंदू शाळेत जाऊ लागली. मला बापाच्या आधी तिने वाचले. मग सुमनताईंकडून माझ्या जोडीला नवी पुस्तके आली, छोटी, रंगीत, कालच छापलेली. मला वाटले, आता मी मागे पडणार. पण पोर नवे वाचून झाले की माझ्याकडे वळायची. गजाभाऊ तर तिला तोंडपाठ झाले.

मग एका सुट्टीला दत्तोबा आला, हातपाय धुतले आणि म्हणाला, "इंदे, ते हत्तीचं पुस्तक आण. आज मी वाचनार."

तो मला मांडीवर घेऊन बसला. इंदू शेजारी टेकली. तो वाचू लागला. एकेक अक्षर उचलायचा, पुढच्याला जोडायचा, अडायचा, पुन्हा मागे जायचा. 'घुबड' पाशी तर बराच वेळ अडला. इंदूचे ओठ मिटलेले होते. पण सवय वाईट. पान संपायला दोन ओळी बाकी होत्या आणि तिचे बोट आपसूक पान उलटायला कोपऱ्यात गेले. दत्तोबा थांबला. त्याच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या.

"तुला समदं येतंय व्हय गं?"

इंदूने बोट मागे घेतले. खोटे बोलावे की खरे, हे तिलाही ठरवावे लागले. "व्हय आबा," ती म्हणाली. "पर तुमी वाचा."

दत्तोबाने मान खाली घातली, उरलेल्या दोन ओळींवर पुन्हा बोट ठेवले आणि वाचू लागला.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. पुस्तकाला देव्हाऱ्यात बसवू नका. मांडीवर घ्या, वाचा, मळवा, फाटले तर खळीने चिकटवा. आणि तुमच्या घरात कुणी मोठे माणूस अक्षरापाशी अडखळत असेल, तर त्याला हसू नका, घाईने पुढचा शब्द सांगू नका. त्याला त्याच्या चालीने वाचू द्या. तुम्ही नुसते पान धरून शेजारी बसा.