साडूचं अस्तर

माझ्या काकांच्या पोटात दुखायला लागलं की दुकानातल्या इस्त्रीला कोळसा लागत नसे. काका नुसते तिच्याकडे बघत आणि ती तापे. ही थाप वाटत असेल तर वाटू द्या. मी बाही जरा लांब ठेवतो, पण अंगाचं माप चोख असतं. शिवाय हे घडलं तेव्हा मी बहुतेक वेळा तिथे नव्हतोच, म्हणून तर मला सगळं नीट माहीत आहे. जे हजर असतात त्यांना फक्त आपल्या बाजूचं दिसतं.

काका कोट शिवत. गावात त्यांना कॉलरकाका म्हणत, कारण त्यांच्या कोटाची कॉलर ताठ असे आणि त्यांची मान त्याहून ताठ. त्यांचा कोट खुंटीवरून काढला तरी घटकाभर हवेत तसाच उभा राही. एका कारकुनाचा कोट तर, कारकून तापानं पडलेला असताना, एकटाच कचेरीत जाऊन बसला. संध्याकाळी साहेब त्याला म्हणाले, "आज काम बरं केलंत हो."

हा ताठपणा कुठून येई? आतून. काका कोटाच्या पोटात जाड कॅनव्हास घालत, त्यावर कापसाचा थर, त्यावर गच्च विणीचं अस्तर, आणि सगळं असं शिवून टाकत की आतल्या हवेला बाहेर यायचं तर परवानगी काढावी लागे. कोटाचा आकार शाबूत राही. आतल्या माणसाचं काय होई ते काकांनी कधी विचारलं नाही. "कोट घालायचा असतो," ते म्हणत, "त्यात राहायचं नसतं."

हे वाक्य सगळ्यांत जास्त वेळा ऐकलं ते काकूनं. आमचं गाव असं, की सकाळी दात वाजतात आणि दुपारी कानामागून घाम वाहतो. आणि काकू मुळातच उष्ण. लग्न ठरलं तेव्हा काकांनी तिच्यासाठी गडद हिरवा कोट शिवला. तसा कोट त्यांनी आधी शिवला नव्हता आणि नंतरही नाही. काकू तो घालून घरातून निघे, कोपऱ्यापर्यंत जाता जाता लालबुंद होई, की कोट अंगावरून हातावर. सगळा संसार असाच गेला. लोक म्हणायचे, कॉलरकाकांची बायको कोटाला फिरायला नेते.

काका वरवर हसत. पण दुकानाच्या खिडकीतून तिच्या पाठीकडे बघत राहत. राजाचा कोट शिवायची हौस नव्हती त्यांना. बायकोनं आपण शिवलेला कोट अंगावर राहू द्यावा, एवढंच हवं होतं, आणि तेवढंच मिळत नव्हतं.

अशात काकूची धाकटी बहीण नवऱ्यासकट गावात राहायला आली. तिचा नवरा म्हणजे काकांचा साडू. सर्कशीचे तंबू शिवण्यात त्याची उमर गेली होती. सर्कस बुडाली, हत्ती विकले, तंबूवाला उरला. त्याला सगळे तंबूराव म्हणत. गोल चेहरा, सैल सदरा, आणि कुणी शिवी दिली तरी "बरोबर आहे" म्हणायची सवय. असल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि भांडता येत नाही त्याच्याशी नातं ठेवणं फार जड जातं.

काकूच्या शब्दाखातर काकांनी त्याला दुकानात मागचं टेबल दिलं.

"तंबू आणि कोट," काका म्हणाले, "दोन्हीत माणूस आत असतो, एवढंच साम्य. बाकी तुला काही जमायचं नाही. तू आपलं अस्तर लाव. आतलं काम, चुकलं तरी दिसत नाही."

"बरोबर आहे, साडूभाऊ," तंबूराव म्हणाले. "आतल्या माणसाचं मी बघतो, बाहेरचं तुम्ही बघा."

इथेच काकांनी सावध व्हायला हवं होतं. पण मान ताठ असली की पायाखालचं दिसत नाही.

तंबूरावांना एक गोष्ट ठाऊक होती: गरम हवा वर जाते, आणि तंबूच्या माथ्याला झडप नसेल तर सिंहसुद्धा घेरी येऊन पडतो. त्यांनी काकूचा हिरवा कोट मागून घेतला. आतला कापूस आणि गच्च अस्तर उसवून काढलं, कोटाच्या आतल्या कडा फितीनं नीट बांधल्या, आणि कडेनं बारीक बटणं लावली. मग वेगळं अस्तर शिवलं, काजं असलेलं, हवं तेव्हा लावावं, हवं तेव्हा काढावं, मळलं तर धुवावं. बगलेत आणि पाठीवर जाळी. अस्तराच्या मागच्या बाजूनं उभ्या दोऱ्या शिवल्या, म्हणजे कोट आणि अस्तर यांच्यामध्ये बोटभर वाट राहील. आणि कॉलरखाली एक छोटीशी झडप, कुणाला दिसणार नाही अशी. हवा खालून शिरणार, पाठीवरून फिरणार, मानेपाशी बाहेर पडणार. थंडीसाठी लोकरीचं अस्तर वेगळं, मधल्या दिवसांसाठी सुती वेगळं.

दुसऱ्या दिवशी काकू कोट घालून निघाली. कोपरा आला. काका खिडकीशी होते. काकू कोपऱ्यावरून वळली, कोट अंगावर! बाजारात गेली, कोट अंगावर. घरी येऊन चुलीपुढे बसली, तरी कोट अंगावर. शेजारीण म्हणाली, "बाई, अंघोळीला तरी काढणार का?"

काकांना काय वाटलं म्हणून सांगू! जेवताना त्यांनी घास उचलला. घास तसाच ठेवून ते हळूच म्हणाले, "आवडला वाटतं कोट."

"अहो, भावोजींनी अस्तर काय केलंय!" काकू म्हणाली. "अंगावर कोट आहे की नाही तेच कळत नाही!"

अंगावर कोट आहे की नाही तेच कळत नाही. काकांनी तो घास गिळला, पण तो खाली उतरला नाही. माझ्या माहितीप्रमाणे अजूनही छातीच्या मधोमध कुठेतरी आहे.

त्या दिवसापासून दुकानात कोळसा आणायचं बंद झालं.

गावाला बातमी लागायला काय वेळ? भट्टीवाला आला, शाळेचे मास्तर आले, चर्चा ऐकून बँडमधला तुतारीवालाही आला. तो तर म्हणे अस्तर घातल्यावर फुंकायचाच विसरला. वारा कॉलरमधून आपोआप निघून तुतारीत जाई आणि तो नुसता उभा राही. सगळे काकांच्या टेबलावरून सरळ मागच्या टेबलाकडे जात. "नमस्कार कॉलरकाका, तंबूराव आहेत का?" कोट काकांकडूनच शिवून घेत, नाही असं नाही. पण भांडं न्यायचं म्हणून कुणी पिशवी घेतं, तसा.

काकांनी काय काय केलं ते सांगायला नको, पण सांगतोच. काजं मुद्दाम तोकडी करून बघितली. तंबूरावांनी ती मुकाट्यानं मोठी केली. "आमच्याकडे एक तंबूवाले आहेत, सिंहांचे कपडे शिवायचे," असं गिऱ्हाइकांना सांगून बघितलं. गिऱ्हाइकांची ओढ वाढली. एकदा काकूचं अस्तर दोरीवर वाळत होतं आणि काका कात्री घेऊन त्याच्यापुढे उभे राहिले. पण ज्या हातानं जन्मभर सरळ बेतलं त्याला वाकडं कापवेना. उलट एक टाका उसवलेला दिसला, तो त्यांनी घातला, आणि स्वतःवरच चिडून आत आले.

मग त्यांना सुचलं. शिंप्याच्या धंद्यातली जुनी रीत आहे: नावाची पट्टी अस्तरावर लावतात, आतल्या खिशाच्या वर. कोट कुणाचा ते तिथे वाचायचं. काकांनी आपल्या नावाच्या पट्ट्या काढल्या आणि दुकानातल्या झाडून सगळ्या अस्तरांवर शिवून टाकल्या, काकूच्याही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

तंबूरावांनी ते बघितलं. "लावा की, साडूभाऊ. दुकान तुमचंच आहे," म्हणाले आणि सुई ओवायला लागले.

"एकदा तरी चिडत जा रे!" काका ओरडले.

"बरोबर आहे," तंबूराव म्हणाले.

काही दिवस काकांना स्वर्ग दोन बोटं उरला. नवी गिऱ्हाइकं पट्टी वाचून थेट त्यांच्याशी हात मिळवत. "वा, काय अस्तर करता हो तुम्ही!" काका मान झुकवून स्तुती घेत. कोटाबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे, हे त्यांना रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवे. कूस बदलली की विसरत.

आणि मग ऊन वाढलं. लोकांनी अस्तरं काढून घडी करून कपाटात ठेवली. आता सांगा, पट्टी कुठे गेली? कपाटात. गावभर काकांचे कोट फिरत होते, आणि एकावरही काकांचं नाव नव्हतं.

एके दिवशी दुपारी वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टरसाहेब दुकानात आले. हे साहेब नवीन होते, आणि कोट त्यांना आधीच्या साहेबांकडून मिळाला होता, अस्तरासकट. एका हातात लोखंडी वजनांची पेटी, दुसऱ्या हातात घडी केलेलं अस्तर, अंगात नुसता कोट. दुकानात काका होते, मागे तंबूराव होते, आणि काकू बटणांचा डबा निवडत बसली होती.

"हे अस्तर तुमचंच ना?" साहेबांनी पट्टी दाखवली. "अप्रतिम आहे. पण हा कोट बघा. कुठल्या ऐऱ्यागैऱ्यानं शिवलाय कोण जाणे, नावसुद्धा लावायची लाज वाटली त्याला. खांद्यात सारखा ओढतो. मला ह्या अस्तराला शोभेल असा एक कोट शिवून द्या."



कोट माझा म्हणावं, तर ऐरागैरा ठरतो. नाही म्हणावं, तर अस्तराची स्तुती पदरात पडते, शिवाय नव्या कोटाचं काम. काकू डब्यातून मान वर करून बघत होती. काकांनी तो कोट ओळखला होता. त्याच्या कॉलरला त्यांनी सबंध दिवस दिला होता. चोरीचं नाव त्यांना पचलं असतं. साडूच्या अस्तराची स्तुती आपली म्हणून गिळायचीही सवय झाली होती. पण त्या कॉलरला कुणी लाज म्हणावं?

"कोट माझा आहे," काका म्हणाले. "अस्तर त्याचं. माझ्या साडूचं."

"मग अस्तरावर तुमचं नाव कसं?"

"मी लावलं."

"आणि कोटावर?"

"कोटावर नाव लिहावं लागेल, अशी वेळ माझ्यावर आली नव्हती."

साहेब गोंधळले. तेवढ्यात काकू उठली. "साहेब, ती पेटी जरा खाली ठेवता का?"

साहेबांनी पेटी ठेवली. खांदा वर आला आणि कोट अंगावर असा बसला, की भिंतीवरच्या आरशानं एक पाऊल मागे घेतलं.

"दिवसभर एका हातात लोखंड वागवता," काकू म्हणाली, "आणि खांदा ओढतो म्हणून आमच्या माणसाला नावं ठेवता? उद्यापासून हात बदलत जा. कोट बदलायचं कारण नाही."

आमच्या माणसाला. काकांनी तेवढंच ऐकलं. साहेब कधी गेले ते त्यांना कळलंही नाही. काकू मात्र अजून उभीच होती.

"आणि अहो, त्या पट्ट्या उसवा. सगळ्या. माझ्या अस्तरावरचीही. मला काय, टाका ओळखता येत नाही?"

"राहू द्या हो ताई," तंबूराव म्हणाले.

"तू गप्प बस!" काका कडाडले. "तुझा चांगुलपणा मला पुरे झालाय!" आणि उसवायला बसले. तंबूराव पहिल्यांदाच "बरोबर आहे" म्हणाले नाहीत. त्यांचे कान थोडे लाल झाले होते, आणि ते बघून काकांना त्या दिवसात पहिल्यांदा त्यांच्याबद्दल जरा आपुलकी वाटली.

हवा पालटली आणि पहिली गार सकाळ आली. काकू बाहेर जायला निघाली ती नुसता हिरवा कोट घालून. ओठ निळे, दात असे वाजत होते की समोरच्या घरातून कुणीतरी "कोण आहे?" म्हणून दार उघडलं.

"अगं, अस्तर?" काका म्हणाले.

"आज नुसता कोट घालून बघते," काकू कुडकुडत म्हणाली. "तुमचा."

 खोटं कशाला बोलू, काकांना ते फार गोड वाटलं. तिचं नाक निळं पडेपर्यंत गोड वाटलं. मग ते आत गेले आणि लोकरीचं अस्तर घेऊन आले. तिला दारातच थांबवून, कोट उघडून, स्वतःच्या हातानं एकेक बटण काजातून घालू लागले. प्रत्येक बटणाला काहीतरी पुटपुटत होते. काज जरा मोठंच आहे. दोरी वाकडी आहे. तंबूच शिवायला हवे होते मेल्यानं.

मानेपाशी पोचल्यावर त्यांचा हात थांबला.

"वरचं राहिलं," काकू म्हणाली.

"राहू दे."

"वारा लागेल."

"तिथे तरी माझाच कोट लागू दे तुला."

काकू तशीच निघून गेली. त्या जागी कोटाचं खरखरीत कापड दिवसभर मानेला टोचलं असणार. तिनं बटण लावलं नाही.