बोहनीचा माल

माजलगावच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मन्मथअप्पांची आडत आणि वखार होती आणि त्या वखारीत ज्वारीच्या पोत्यांची थप्पी पार आढ्याला टेकली होती. भाव चढेपर्यंत पोतं हलवायचं नाही, असा अप्पांचा हुकूम. बंकट हमालानं सांगून बघितलं, "अप्पा, थप्पी डुलायलीय."

"डुलती हाय ना? पडली तर न्हाई?" अप्पा म्हणाले.

मग ती पडली. बंकटच्या पायावरच पडली.

हाडवैद्यानं बांबूच्या कांबट्या बांधल्या आणि पेरण्या आटपेपर्यंत पाय टेकवायचा नाही म्हणून बजावलं. घरातल्या कणगीत आता झाडून काढण्याइतकीच ज्वारी उरली होती. तेव्हा बंकटची बायको मंजुळा पदर खोचून अप्पांकडं निघाली. मागणं साधं होतं: पाय तुमच्या वखारीत मोडला, तर तो उभा राहीपर्यंत घरची भाकर तुमच्याकडं.

अप्पा नाही म्हणाले नाहीत. सरळ नाही म्हणणं त्यांच्या धंद्यात बसतच नव्हतं. सकाळी गेली, तर म्हणत, "बोहनी व्हायचीय, आत्ता मागू नको." दुपारी गेली, तर लोडाला टेकून घोरत असत. संध्याकाळी गेली, तर, "दिवेलागण झाली. आता लक्ष्मी घराबाहेर काढू व्हय?" मंजुळेचे हेलपाटे झाले, चपला झिजल्या असत्या, पण चपलाच नव्हत्या.

"कचेरीत अर्ज दे," शेजारच्या भिवराबाईनं सुचवलं.

"मोगलाईची कचेरी ती, अर्ज उर्दूत लिव्हायचा. लिव्हणाऱ्याचा हात ओला करायचा. आन सायेब म्हननार, अप्पाला इचारा. त्यापरीस मीच इचारते की. त्याच्याच बोहनीच्या येळंला."

अप्पांच्या आडतीत एक रीत होती, त्यांच्या आज्यापासूनची. सकाळी जो माल पहिल्यांदा पारड्यात चढेल, त्याचा सौदा झाल्याशिवाय तो उतरवायचा नाही आणि दुसरा माल चढवायचा नाही. उतरवला की वर्षाची बरकत गेली. मागं एकदा किडका हरभरा पहिला चढला, तर अप्पांनी तोंड वाकडं करून तोही घेतला होता.

बाजाराचा दिवस उजाडला. आडतीपुढं गाड्यांची रांग लागली. अप्पा पूजा आटोपून, कपाळभर भस्म लावून बाहेर आले आणि बघतात तर काय, मोठ्या काट्याच्या पारड्यात बंकट बसलेला. डोक्याला फेटा, कांबट्यांचा पाय पुढं पसरलेला, चेहरा नवरदेवासारखा. त्याला उचलून आणणारे हमाल बाजूला उभे, आपण त्या गावचेच नाही असे.

"ह्यो काय चावटपणा?"

"बोहनीचा माल हाय, अप्पा," मंजुळा म्हणाली. "नीट बघून घ्या. जरा तुटफूट हाय, पर ती तुमच्याच वखारीत झालीय."

गाडीवाले खिदळले.

"म्हाळू, उतरव त्याला."

म्हाळू हमालानं कानाच्या पाळ्या धरल्या. "मी न्हाई बा. बरकत गेली तर माझ्या डोक्यावर यायची. तुमीच उतरवा."

अप्पा दोन पावलं पुढं झाले आणि थबकले. मागून शहादेव गाडीवान ओरडला, "अप्पा, उरका की. बैलं ताटकळली. न्हाईतर आमी जातो समोर राधाकिशनशेठकडं."

समोरच्या आडतीत राधाकिशनशेठ आधीच गादी झटकायला लागले होते.

"बरं बाई, बोल. काय पायजे?" अप्पा दात आवळून म्हणाले.

"अशी उघड्यावर बोलू व्हय? सौदा रुमालाखाली होतोय."

मोंढ्यातला भाव तोंडानं बोलायचा नसतो. रुमालाखाली हातात हात द्यायचा आणि बोटं दाबून ठरवायचा. मंजुळेनं बांगड्या मागं सारून हात पुढं केला. अप्पांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं. भर बाजारात परक्या बाईचा हात! गाडीवाले गाड्यांवर उभे राहिले.

"माझी काय हरकत न्हाई, अप्पा," बंकट पारड्यातून म्हणाला.

मंजुळेचा डाव असा होता, की हात धरवणार नाही म्हणून अप्पा सगळ्यांदेखत तोंडानं बोलतील, आणि इतक्या कानांत गेलेलं मग गिळता येणार नाही. पण तेवढ्यात आडत आणि घर यांच्यामधलं दार उघडून अप्पांची बायको दानम्मा बाहेर आली.

"सरका," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमच्या वतीनं मी धरते हात."

अप्पांचा जीव भांड्यात पडला आणि मंजुळेचा घशात आला. दानम्मा म्हणजे अशी चिक्कू बाई, की घरातली मांजरंसुद्धा एकादशी करायची. दोघी पायरीवर बसल्या. दानम्मानं दोन्ही हातांवर पदर ओढला. मंजुळेनं भीतभीत एक बोट दाबलं: महिन्याला एक पोतं.

दानम्मानं दोन बोटं दाबली.

मंजुळा गडबडली. "अव्वा," ती कुजबुजली, "चुकलं काय तुमचं?"

"माझं चुकत न्हाई," दानम्मा ओठ न हलवता म्हणाली. "ती थप्पी माझ्या सैपाकघराच्या भिंतीला टेकलीती. मीबी सांगितलतं ह्यांना, डुलायलीय म्हनून. मलाबी तेच म्हनले, पडली तर न्हाई. पोतं तिकडं पडलं, म्हनून बंकटचा पाय गेला. इकडं पडलं असतं तर?"

ती उठली. "झाला सौदा."

"कितीला?" अप्पांनी विचारलं.

"पदराखालचं भर बाजारात सांगू व्हय?" असं म्हणून दानम्मा आत गेली, आणि दार लागलं.

बंकटला उतरवलं, शहादेवची तूर चढली. मंजुळेच्या खुणेनं म्हाळू वखारीतून पोतं पाठीवर घेऊन तिच्या घराकडं निघाला. अप्पांनी सुस्कारा सोडला. एक पोतं, ठीक आहे. थोड्या वेळानं म्हाळू परत आला आणि दुसऱ्या पोत्याखाली वाकला.

"आता हे कावून?"

"अव्वाचा शबुद हाय, अप्पा," मंजुळा गोड आवाजात म्हणाली. "दर म्हयन्याला दोन. पाय टेकवस्तोवर."

अप्पांनी बंद दाराकडं बघितलं. मग बंकटच्या पायाकडं बघितलं. मग जवळ जाऊन, धोतर सावरत, त्या पायापाशी चक्क उकिडवे बसले.

"लई दुखतंय का रं?" त्यांनी विचारलं. "वैद्य कोण हाय तुझा? दुसरा दाखवू का? चांगला?"