अर्धा राहिलेला पिक्चर

"तीनशे वर्षं झोपली होती ना ती राणी? मग उठल्या उठल्या लिपस्टिक जागच्या जागी कशी?" आमची ही म्हणाली.

हातात टोचलेल्या दोन जाड सुया, बाजूला डायलिसिसचं मशीन घरघरतंय, अंगातलं रक्त नळीतून बाहेर जातंय, धुऊन परत येतंय, आणि हिचं सगळं लक्ष भिंतीवरच्या टीव्हीत.

"वहिनी, जादू आहे ती," शेजारच्या खुर्चीतून ड्रायव्हर म्हणाला. जन्मभर बस चालवलेला माणूस, किडन्या त्याच्याही गेलेल्या. "जादूत लिपस्टिकपण येते."

"आणि तो आग ओकणारा अजगर? त्याच्या जिभेला फोड येत नाहीत?"

"भेटला की विचारतो."

सिस्टर हसली. मी स्टुलावर बसलेलो. मी शटरवाला माणूस. दुकानांची शटरं बसवायची, अडकलेली सोडवायची, स्प्रिंग बदलायची. पिक्चरमधलं मला काही कळत नाही. एकदा हीरोनं लाथ मारून शटर फोडलं तेव्हा तेवढा बोललो होतो, की अहो, शटर लाथेनं फुटत नाही. वाकतं, आणि मग माझ्यासारख्याला बोलावतात. त्यावर ड्रायव्हर म्हणाला, "तुम्ही गप्प बसा. तुम्ही हीरोला पावती द्याल."

आठवड्यातून तीनदा हे असं. एका पिक्चरला दोन खेपा तरी लागायच्याच. मधेच डॉक्टर राउंडला यायचे, मधेच कुणाचं बीपी पडायचं. त्यात ड्रायव्हरनं कायदा करून ठेवलेला. पहिल्या माणसाची सुई निघाली की पिक्चर तिथंच थांबवायचा. पुढचं पुढच्या खेपेला, सगळे बसल्यावर. घरी जाऊन चोरून कुणी बघायचं नाही. आणि खरंच कुणी बघत नसे. ही तर घरी पिक्चरचं नावसुद्धा काढायची नाही. फक्त सकाळी निघताना चपला घालता घालता म्हणायची, "आज त्या राजाचा निकाल लागणार बघा."

माझ्या डोक्यात तेव्हा कधी आलं नाही, की ही त्या निकालासाठी चपला घालते.

वाळवंटातला एक पिक्चर लागला होता. हीरो पाण्याविना तीन दिवस चालतो, ओठ फुटतात, मागं बासरी वाजते. हिला दिवसाला मोजून दोन पेले पाणी. ती म्हणाली, "एवढ्यात काय रडतोय? आम्ही काय बासरी लावून बसतो का?" सगळी खोली हसली. ड्रायव्हर इतका हसला की मशीन ओरडायला लागलं.

राणीचा पिक्चर अर्धा झाला आणि ड्रायव्हरची सुई आधी निघाली. राणी किल्ल्याच्या तटावर उभी, खाली सगळं शहर दगड होऊन पडलेलं. पिक्चर तिथं थांबला.

पुढच्या खेपेला ड्रायव्हरची खुर्ची रिकामी. सिस्टरनं रिमोट हातात घेतला तशी ही म्हणाली, "लावू नका. दादांना येऊ दे."

"ते बाहेरगावी गेलेत, मावशी," सिस्टर म्हणाली आणि उगाच नळी चाचपायला लागली.

त्याच्या पुढच्या खेपेला त्या खुर्चीत एक नवीन मुलगी. घाबरून डोळे मिटून बसलेली. हिनं एकदा खुर्चीकडं बघितलं, एकदा सिस्टरकडं. चार तास छताकडं बघत पडून राहिली. परत येताना रिक्षात म्हणाली, "मी आता यायची नाही."

"कुठं?"

"तिकडं."

मला वाटलं, रागात बोलतेय. पण खेप आली आणि ही उठली नाही. "थकले हो," एवढंच. आमची मुलगी परगावाहून फोनवर रडली, तिलाही हेच. पुढची खेपही गेली. पाय सुजले, तोंड सुजलं. मी सिस्टरला फोन केला तर ती म्हणाली, "काका, काहीही करा, घेऊन या. पाणी छातीत चढलं तर हातात काही राहणार नाही."

काहीही करा म्हणजे काय करायचं? शटर अडकलं तर मला कळतं कुठं ठोकायचं. बाईला कुठं ठोकतात?

त्या दिवशी एका कापडाच्या दुकानात काम होतं. शटर अर्धं खाली ओढलं, मोबाइल काढला आणि तो राणीचा पिक्चर राहिला होता तिथून शेवटपर्यंत बघितला. म्हटलं, हिला गोष्टीची ओढ आहे. शेवट सांगू, खूश होईल, उठून बसेल. माझी अक्कल एवढीच.

घरी येऊन पलंगाशी बसलो. "अगं, बघितला मी. शेवट सांगू?"

तिनं डोळे उघडले. नको म्हणाली नाही.

मी सांगायला लागलो. अजगर कसा मेला, हीरो तलवार घेऊन तटावरून कसा उडी मारतो. हातवारे करून सांगितलं. "आणि मग राणीला कळतं, की ती जागी आहे तोवर शहर दगडाचंच राहणार. म्हणून ती आपणहोऊन परत झोपते. मग सगळं शहर जिवंत होतं, आणि लोक तिच्यापुढं माना झुकवतात. काय सीन होता!"

हिनं उशीवरची मान माझ्याकडं वळवली.

"शहाणी बाई," म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय सांगून बसलो ते.

"तसं नाही गं. दुसरा भाग येणार आहे त्याचा. त्यात ती उठते."

"कुणी सांगितलं?"

"पेपरात आलंय."

"तुम्ही कधीपासून पेपर वाचायला लागलात?" ती हसल्यासारखी झाली, मग खोकली. "दादांचा कायदा मोडलात तुम्ही. तेवढं एक राहिलं होतं माझं तिकडं. तेही उरकलंत."

मला काय झालं कुणास ठाऊक. हत्यारांची पिशवी जमिनीवर आपटली. पाने, स्क्रू सगळे पलंगाखाली गेले. "झोप मग! झोप तीनशे वर्षं! मी इथं काय करू, मान झुकवून उभा राहू?" असं काहीबाही ओरडलो आणि बाहेर येऊन जिन्यात बसलो. रडलो म्हणणार नाही, पण नाक पुसायला शर्टाची बाही पुरेना. खालच्या मजल्यावरच्या बाईनं दार उघडलं, मला बघितलं आणि हळूच लावून घेतलं.

किती वेळ गेला कळलं नाही. आतून हाक आली. "अहो."

गेलो. ती दोन्ही हातांनी पलंगाची कड धरून बसलेली. खांदे वरखाली होत होते.

"आडवं होता येईना हो," एकेक शब्द तोडत म्हणाली. "जरा पडलं की जीव कोंडतो. त्या राणीला झोप तरी लागली. मला तेवढंही..." पुढचं बोलवेना. मग म्हणाली, "चला."

"कुठं?" मी वेड्यासारखं विचारलं.

"तिकडं. अजून कुठं? पण आजच्यापुरतं. उद्याचं मला विचारायचं नाही."

"नाही विचारत."

"आणि शपथ घालायची नाही."

"नाही घालत. ऊठ."

मी रिक्षाला फोन केला. हिला उठवेना. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खालच्या माणसांना हाक मारावी तर हिला ते आवडायचं नाही. मी पाठमोरा खाली बसलो. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. पाण्यानं जड झाली होती, आणि हाडांनी हलकी झाली होती. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता.

पहिला जिना उतरलो. दुसऱ्याच्या मध्यावर मलाच धाप लागली. कठड्याला खांदा लावून थांबलो. तिचा श्वास माझ्या कानाशी शिट्टीसारखा वाजत होता.

"पिक्चरमधले हीरो," ती म्हणाली, "बाईला उचलून... डोंगर चढतात. धाप लागत नाही त्यांना."

"ते खोटं असतं गं."

"तुम्हाला तर उतरतानाच लागली."

"बोलू नकोस. दम राख."

रिक्षावाल्यानं परत हॉर्न वाजवला. मी पाय उचलायला गेलो तर तिनं हात माझ्या छातीवर ठेवला. सुयांनी गाठी गाठी झालेला तो हात तसाच दाबून धरला.

"थांबा जरा," म्हणाली. "तुमची धाप बसू दे आधी."