नवरीवरचा कॅमेरा

"थांबव. मामा, आधी थांबव ते!"

मामाने घाईघाईने माऊस दाबला. पडद्यावर शिडी हवेतच थांबली. हात मागे ताणलेला, वेणी उडालेली, नजर वर. मोठं करून मामाच्या दुकानाच्या काचेत लावावं असं चित्र होतं. फक्त त्यात बॉल नव्हता.

"बॉल कुठाय?"

"असेल की वर कुठेतरी. पण तू बघ ना कसली आलीयेस! चेहऱ्यावर उजेड बघ."

शिडीने कपाळावर हात मारून घेतला. उंचीमुळे शाळेने ठेवलेलं हे नाव घरच्यांनीही आनंदाने उचललं होतं. शाळेचं हे तिचं शेवटचं वर्ष. पुढे दुसऱ्या शहरातल्या एका कॉलेजकडून व्हॉलीबॉल खेळायचं, याखेरीज तिच्या तोंडी हल्ली दुसरा विषय नसायचा. तिथल्या प्रशिक्षक मॅडमनी एका पूर्ण सामन्याचा व्हिडिओ मागवला होता. आवडला तर निवड चाचणीला बोलावणं, नाहीतर विषय संपला. मोसमातला अंतिम सामना तेवढा उरला होता, आणि घरात मोठा कॅमेरा असलेला माणूस एकच, आईचा धाकटा भाऊ. लग्नांचे व्हिडिओ काढण्यात त्याची हयात गेली होती.

आणि तिथेच सगळा घोळ झाला. लग्नात मामाचा नियम एकच. दिवे जावोत, व्याही भांडोत, कॅमेरा नवरीवरून हलता कामा नये. इतक्या वर्षांत तो एकदाही हलला नाही, हे तो ओळख नसलेल्या माणसालाही सांगायचा. सामन्यातही त्याने नियम मोडला नाही. बॉल बिचारा नेटच्या इकडून तिकडे जात राहिला आणि मामा भाचीला धरून बसला.

"पुढे घे," शिडी म्हणाली.

पुढे तर आणखी मजा. कधी ती जिवाच्या आकांताने उडी मारून नुसत्या हवेत हात फिरवत होती, कधी गुडघे वाकवून जमिनीलगत कसली तरी वाट बघत होती. बॉलशिवाय हे सगळं पाहताना तिला स्वतःचंच हसू आलं.

"मी वेड्यासारखी काय करतेय?"

"तेच मला कळत नव्हतं. पण करत होतीस छान."

शेवट बघायची तिला इच्छाच उरली नाही. तिने स्वतःच व्हिडिओ बंद केला.

"बरं, ऐक. मैत्रिणींच्या फोनवर थोडंफार असेल. ते जोडू आणि मग पाठवू."

मामा उगाचच एक वायर गुंडाळायला लागला.

"मामा?"

"पाठवला."

"काय पाठवला?"

"अगं, तुला वाटत होतं तशी उद्या नाही, कालच मुदत संपत होती. तू सरावाला गेलेली. म्हटलं, पोरीच्या डोक्याला ताप नको."

ओरडायला शिडीने तोंड उघडलं आणि तिला एक आठवलं. सामन्याच्या दिवशीचं एक मोठं लग्न मामाने मित्राला देऊन टाकलं होतं, हे आईने तिला सांगितलं होतं. तिने दप्तर उचललं आणि निघताना दार मात्र जोरात लावलं.

पुढचे काही दिवस ती घरात कुणाशी धड बोलली नाही. सराव तेवढा चुकवला नाही. एका संध्याकाळी सराव आटोपून मामाच्या दुकानात डबा द्यायला गेली आणि डबा टेबलावर ठेवतेय तोच फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडे कॉलेजच्या प्रशिक्षक मॅडम होत्या. तिने फोन स्पीकरवर टाकला. मामाने धावत जाऊन पंखा बंद केला.

"व्हिडिओ कुणी काढलाय हा?" मॅडमनी विचारलं.

"मामाने. तो लग्नांचे काढतो."

"वाटलंच. स्कोअर कळत नाही, बॉल दिसत नाही. तुझे स्मॅश कुठे पडले, देव जाणे."

"हो मॅडम." शिडीचा आवाज पार खाली गेला. मामाने मान खाली घातली.

"स्मॅश काय, माझ्याकडे ढिगाने आलेत. तुझा व्हिडिओ मात्र मी दोनदा पाहिला. मला एक सांग, तुमची सेटर स्मॅशसाठी बॉल दुसरीला उचलून देणार, हे तुला आधी माहीत असतं ना?"

"हो. खुणेने ठरलेलं असतं."

"मग एवढी उडी कशाला मारतेस?"

"मी उडाले नाही तर समोरच्या ब्लॉकवाल्या मला अडवायला माझ्याबरोबर कशा उडतील?" शिडी भीती विसरून बोलून गेली. "त्या माझ्याकडे आल्या की आमच्या दुसऱ्या मुलीसमोरचं नेट मोकळं होतं."

"आणि तरीही तिचा स्मॅश अडला तर?"

"म्हणून लगेच तिच्यामागे वाकून थांबते. परत आलेला बॉल उचलायला."



"पहिल्या सेटमध्ये जेवढी उंच उडी होती, तेवढीच शेवटच्या सेटमध्ये. बॉल मिळणार नाही हे माहीत असताना! हे कुणी शूट करत नाही गं. रविवारी चाचणीला ये. बूट चांगले आण, फरशी नवीन आहे."

शिडीने मामाचा दंड असा काही दाबला की तो कळवळला. त्याचं हसू मात्र कानापर्यंत गेलं होतं. तिला उड्या मारायच्या होत्या, रडायचं होतं, आईला हाक मारायची होती, आणि सुचत काहीच नव्हतं.

"एक राहिलंच," मॅडम म्हणाल्या. "अगदी शेवटी तू उडतेस आणि एकदम छत दिसतं. मग पंखे. मग कुणाच्या तरी चपला. तो स्मॅश तुझाच होता ना? आणि तुम्ही जिंकलात?"

"हो! पण ते तर व्हिडिओत दिसलंच नसेल. तुम्हाला कसं कळलं?"

"अख्ख्या सामन्यात कॅमेरा तेवढा एकदाच तुझ्यावरून हलला."

शिडीने वळून पाहिलं. मामा आधीच चकचकीत असलेली लेन्स पुसायला लागला होता.

"बाहेर कुठे बोलू नकोस," तो पुटपुटला. "धंद्याचा प्रश्न आहे."