म्हाळूच्या सीडीचं कुलूप

केजच्या एसटी स्टँडामागं अंगदचं नेट कॅफे होतं. कॅफे म्हणजे पत्र्याची खोली, जुने कॉम्प्युटर, आणि लाईट गेली की भट्टी. साल दोन हजार दहा. देश पुढं चाललाय, बाजार खुला झालाय, अशी सगळीकडं बोंब. अंगदनं तो खुला बाजार जवळून बघितला होता. त्याच्या बापाचं गाणं ह्या बाजारानं कुलूप लावून ठेवलं होतं आणि किल्ली खिशात घेऊन कंपनी मरून गेली होती.

बाप म्हणजे म्हाळू. मेंढरांमागं जन्म घालवलेला धनगर. ओव्या म्हणायचा. डाव्या कानावर हात ठेवून आवाज लावला की शेजारच्या तळावरची माणसं भाकरी टाकून उठून यायची. परळीच्या रस्त्यावर ट्रकनं त्याला मेंढरांसकट उडवला. पेपरात मेंढरांचा आकडा बरोबर आला आणि म्हाळूचं नाव चुकलं.

त्याच्या हयातीत आवाज धरून ठेवायला मोबाईल कुणाकडं होता? उरली होती एकच सीडी. अंगदच्या थोरल्या बहिणीच्या, बबिताच्या लग्नाची. जेवणावळी उठल्यावर म्हाळूनं ढोलांच्या मधोमध उभं राहून ओवी लावली होती, आणि युसूफ वडगाव ह्या गावच्या शूटिंगवाल्या रुद्रप्पानं ती शूट केली होती. मांडवात बसलेल्या प्रत्येकाला ते आठवत होतं.

आणि अंगदची माय, चतुराबाई, आता आंधळी होती. काचबिंदूनं दोन्ही डोळे खाल्ले. म्हाळूचा फोटो भिंतीवर होता, पण तिला तो काय कामाचा?

"तोंड ध्यानात हाय रे त्येंचं," ती म्हणायची. "आवाज इसरायलाय. आठवाया जाते तर दुसऱ्याचाच कुनाचा तरी यितो. एकडाव ऐकीव, बाबा. मग मेले तरी चालंल."

एवढंच मागणं होतं बाईचं.

आता सीडी चालत का नव्हती, ते ऐका. साधी सीडी कुणीही कॉपी करतं. म्हणून रुद्रप्पानं दिल्लीच्या कुठल्याशा कंपनीचं मिक्सिंगचं, म्हणजे शूटिंगवर गाणी चढवायचं, कार्ड घेऊन कॉम्प्युटरात बसवलं. त्यातनं फायली निघायच्या त्या कंपनीच्या स्वतःच्या फॉरमॅटमधल्या. कंपनीचा प्लेअर असेल तरच चालणार. पाव्हण्याला कॉपी पाहिजे? या रुद्रप्पाकडं. पुढं कंपनी बुडाली, प्लेअर नव्या कॉम्प्युटरवर उघडेना, आणि तालुक्यातली निम्मी लग्नं त्या सीड्यांत कोंडून मेली. लग्न आपलं, बाप आपला, आणि बघायला परवानगी कंपनीची! ह्याला शिकलेली माणसं तंत्रज्ञान म्हणतात. आमच्याकडं ह्याला दरोडा म्हणतात.

दुसरा घोळ घरातला. म्हाळू मेल्यावर चतुराबाईनं ती सीडी देव्हाऱ्यात ठेवली, पितरांच्या चांदीच्या टाकांशेजारी. म्हाळू आत हाय म्हणल्यावर तोही टाकच की! दर अमावस्येला टाकांना चिंचेनं घासायचं, धुवायचं, हळद लावायची. तसंच सीडीलाही. अंगदनं पहिल्यांदा ती हातात घेतली तेव्हा तो किंचाळलाच.

"माय, चिंचेनं घासलीस हिला?"

"मग? देवाला घासत न्हाईत का? बघ की, कशी चकाकायली असंल."

चकाकतच होती. चरे पडलेल्या काचेसारखी. अंगदनं ती साबणाच्या पाण्यानं पुसली, ड्राईव्हमध्ये घातली. ड्राईव्ह गुरगुरायचा आणि थुंकून द्यायचा. कॉम्प्युटर बदलून बदलून शेवटी एका जुनाट ड्राईव्हनं ती गिळली आणि फाईल बाहेर आली.

मग कुलूप. परक्या मुलखातल्या कुण्या माणसानं हे कुलूप फोडणारा प्रोग्राम लिहून नेटवर फुकट ठेवला होता. आतली फाईल काढायची आणि तिला खुल्या फॉरमॅटमध्ये बदलायची. असा फॉरमॅट, जो कुणाच्या बापाच्या मालकीचा नाही, आणि साध्या ब्राउझरमध्ये उघडतो. अंगदचं इंग्रजी तोडकंमोडकं. तरी त्यानं त्या माणसाला विचारून विचारून भंडावून सोडलं. फाईल बदलायला बसवायची, काटा पुढं सरकायचा, आणि मधीच लोडशेडिंग. की परत पहिल्यापासनं. कितीदा झालं असं, त्यानं मोजायचं सोडून दिलं. शेवटी शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याची बॅटरी उसनी आणून जोडली.

एका दुपारी काटा शेवटाला पोचला. पडद्यावर मांडव उघडला. हळदीनं पिवळी बबिता. पटके. ढोल. आणि मधोमध म्हाळू. कानावर हात, मान वर, तोंड उघडं.

आवाज नाही.

"पिक्चर आलंय ना, आता आवाज काय लांब हाय," अंगद स्वतःशीच म्हणाला. आवाजाचं कुलूप निराळं होतं. परक्या माणसाला परत पत्र, परत उत्तर, परत बॅटरी. तोवर त्यानं मायला निरोपही धाडला : बाजारच्या दिवशी ये, बाबा बोलणार हाय.

आवाज आला. म्हाळूच्या उघड्या तोंडातनं एक बाई गात होती. हिंदी सिनेमातलं गाणं.

अंगदनं फाईल पुढं सरकवली, मागं सरकवली. दुसरं गाणं. तिसरं गाणं. त्यानं कॅफेला कुलूप घातलं आणि थेट युसूफ वडगाव गाठलं.

रुद्रप्पा दुकानात बसला होता. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. शूटिंगचं दुकान आता रिचार्ज आणि झेरॉक्सचं झालं होतं.

"ये बे अंगद! किती वाळलास. जेवतुस का निस्ते कॉम्प्युटर चावतुस?" आणि तो खोकला. सुपारी अडकल्यासारखा, कोरडा, दोन तुकड्यांत. ही त्याची जुनी सवय.

"आप्पा, बबिताक्काच्या लग्नाची टेप हाय का?"

"टेप कोन ठिवतंय बे? शिडी दिली की त्याच टेपवर दुसरं लगीन काढायचं. धंदा व्हता, म्युझियम न्हवतं."

"मग मांडवातला आवाज कावून काढला?"

"समद्यांचाच काढायचो. त्यात असतंय काय? भांड्यांचा खणखणाट, पोरांचं रडनं, जनरेटर. गिऱ्हाईकाला गानं लागतंय."

"माझा बाप व्हता त्यो, आप्पा. जनरेटर न्हवता."

रुद्रप्पा परत खोकला. मग म्हणाला, "बस. खरं सांगतो, राग धरू नगं. मिक्सिंगला म्हाळू सोता आलता. मी म्हणलं, तुझी ओवी ठिवू का? तर म्हणला, नगं मालक. पोरीच्या सासरी शिडी लावतेल. पाव्हणे हसतेल, मेंढक्याचं गानं म्हणतेल. मोठ्या लोकाच्या शूटिंगीत लावता तसलं लावा. गानं बी त्यानंच निवडलं. लई येळ लावला निवडायला."

अंगद भांडायला आला होता. भांडायला समोर कुणी उरलंच नाही. कुलूप कंपनीचं होतं, पण त्या कुलपाच्या आतली खोली बापानं स्वतःच्या हातानं झाडून रिकामी केली होती. म्हाळूला ही लाज शिकवणारे कोण, हे अंगदला ठाऊक होतं. ओवीला हसणाऱ्या त्यांच्याच पंगतीत तोही जेवला होता. त्यांना कुठल्या दुकानात जाऊन जाब विचारायचा?

बाजारच्या दिवशी चतुराबाई आली. नवं लुगडं नेसून. येताना टाकांपुढची चिमूटभर हळद पदरात बांधून आणलेली. अंगदनं ठरवलं होतं, सांगून टाकायचं. पण तिनं खुर्चीत बसून पदर नीट केला, लग्नाला बसतात तशी, आणि त्याची जीभ उचलेना. त्यानं हेडफोन पदरावरनंच तिच्या कानाला लावले आणि म्हाळू उभा राहतो तिथनं फाईल चालू केली.

"ही कोन बया कोकलायली?"

"गानं हाय, माय. शूटिंगीत लावतेत."

"असू दे. तिचं झालं की हे ओवी लावतेल."

ती वाट बघत बसली. गाणं संपलं. पहिल्या आणि दुसऱ्या गाण्याच्या मधी रुद्रप्पाच्या मिक्सिंगमध्ये बोटभर फट राहिली होती. तेवढ्या फटीतनं मांडवाचा खरा आवाज आला : ढोलाची एक थाप आणि कॅमेऱ्याला चिकटून कुणाचा तरी खोकला. कोरडा, दोन तुकड्यांत. लगेच दुसरं गाणं.

"थांब!" चतुराबाईनं त्याचं मनगट धरलं. "ह्योच! ह्येच हाईत! वळखला का न्हाई मी?"

पडद्यावर म्हाळूचं तोंड ओवीसाठी आभाळाएवढं उघडं होतं. खोकणाऱ्या माणसाचं तोंड तसं नसतं. तो खोकला कॅमेऱ्यामागच्या माणसाचा होता. परवाच दुकानात ऐकलेला.

"हाईत ना रे त्येच?"

"व्हय, माय."

"परत लाव."

त्यानं परत लावलं. परत. परत. चतुराबाईच्या मिटल्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं आणि तोंडावर हसू होतं. मग तिनं हेडफोन काढले, म्हाळूच्या नावानं हळद कपाळाला लावली, आणि पुन्हा विसरू नये म्हणून तो खोकला आपल्या घशातनं काढून बघितला. कोरडा, दोन तुकड्यांत. हुबेहूब रुद्रप्पासारखा.