बंद पडद्यापुढचा फोटो

२००४ सालच्या जूनमध्ये मी इचलकरंजीच्या एका शाळेत आलो. आज मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, पण तेव्हा नवाकोरा होतो. मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि हेडमास्तर गणपतरावांनी माझ्या खोलीला कुलूप घातलं.

माझ्यात गणिताचे खेळ होते. पडद्यावर फुगे वर चढत, प्रत्येकावर एक गणित. बरोबर आकडा दाबला की फुगा फुटे. हे खेळ मुलांसाठी होते, कुलपासाठी नव्हते. आठवलं की आजही संताप होतो.

चौथीच्या सौंदर्याबाईंनी भांडून शनिवारचा एक तास मिळवला. मुलं चपला बाहेर काढून, हात धुऊन येत. त्यांत पवित्रा होती. तिचे वडील मल्लाप्पा यंत्रमागावर कामाला, घरात सगळे कन्नड बोलत. वर्गात ती तोंडच उघडत नसे, म्हणून मुलं तिला मुकी म्हणत. माझ्यापुढे बसली आणि तिनं सलग वीस फुगे फोडले. "आनि एक डाव द्या की बाई," ती म्हणाली. वर्गानं तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

जानेवारीत तपासणीचे साहेब येणार होते.

"मशीन चालू करायचं न्हाई," गणपतराव म्हणाले. "सायबांपुढं बंद पडलं तर? पोरांनी नुसती बोटं ठिवायची."

"मग मुलं दाखवणार काय, सर?" बाईंनी विचारलं.

"फोटोत काय कळतंय बाई, चालू का बंद."

साहेब आले. हुशार म्हणून पवित्राला पुढे बसवलं होतं. फोटो निघाला. साहेबांनी वाकून विचारलं, "कुठला खेळ खेळतेस, बाळ?"

"बंद हाय की वो सर. चालू करा, दावतो मी."

साहेब हसले आणि चहाला गेले. मला कुणी चालू केलं नाही. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'संगणक शिक्षण उत्तम'.

सोमवारी गणपतराव पवित्राला म्हणाले, "शाळेची अब्रू घालवलीस. परत ह्या खोलीत पाय ठिवायचा न्हाई."

पुढच्या शनिवारी ती बाहेर चपलांपाशी बसली. बाईंनी दार उघडं ठेवलं आणि पडद्यावरची गणितं मोठ्यानं वाचली. आतली मुलं बोटं मोजेपर्यंत बाहेरून उत्तर येई. गणपतरावांना ते कळलं आणि शनिवारचा तासच बंद झाला. खरं बोलल्याची शिक्षा साऱ्या वर्गाला मिळाली.

मित्रांनो, वस्तू जपून ठेवा असं तुम्हाला शिकवतात. मला इतकं जपलं की न झिजताच मी भंगारात गेलो. तुमच्यासाठी आणलेली वस्तू कुणी वापरू देत नसेल, तर मागा. पुन्हा पुन्हा मागा.

गणपतराव निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणांत 'शाळेत संगणक आणणारे' म्हणून त्यांचं कौतुक झालं. सौंदर्याबाईंची बदली जोतिबाकडच्या एका शाळेत झाली. तिथं त्या रोज मुलांना संगणकावर बसवतात म्हणे. पवित्राची शाळा सातवीनंतर सुटली, ती मागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरू लागली. २००९ च्या जूनमध्ये ती धाकट्या बहिणीला घेऊन शाळेत आली. मी व्हरांड्यात भंगारवाल्याची वाट पाहत पडलो होतो. नवे हेडमास्तर नाव लिहून घ्यायला बसले, तशी ती म्हणाली, "हिला संगणकावर बसू देणार असला तर नाव घालतो. न्हाईतर दुसरी शाळा बघतो."